पाळण्याची जागा

सकाळपासून राबिगाच्या पायाला भिंगरी लागली होती. घरातून अंगणात, अंगणातून कोठीत, कोठीतून पुन्हा घरात. दर खेपेला काहीतरी आणायला जायची आणि काय आणायचं ते विसरून तशीच परत यायची. आणि दर खेपेला तो ट्रेलर तिच्या वाटेत यायचा. एका बाजूने जॅकवर चढवलेला, चाक निघालेलं, आणि चाकाच्या जागी मांडी घालून बसलेला तिचा नवरा.

तोलेगेनने जुन्या वर्तमानपत्रावर बेअरिंग ठेवलं होतं. ते तो रॉकेलने धुवायचा, फडक्याने पुसायचा, बोटावर फिरवून कानाजवळ न्यायचा आणि पुन्हा धुवायला घ्यायचा.

"काय म्हणतंय?" राबिगाने विचारलं.

"कोण?"

"बेअरिंग. सकाळपासून ऐकताय त्याचं. एव्हाना त्याची सगळी कर्मकहाणी सांगून झाली असेल."

"सगळा देश आडवा कापायचाय, म्हातारे. वाटेत चाक निखळलं तर माळावर कुणाला टोमणे मारशील?"

हे खरंच होतं, आणि तोलेगेनचं हेच राबिगाला खपत नसे. बाकीची माणसं चुकतात तेव्हा निदान चुकीचं तरी बोलतात. हा माणूस बरोबर बोलून चुकायचा.

खरं तर निघायचं काल होतं. परवा फोन आला होता. लेक ऐनाश पार पश्चिमेला, झानाओझेनला असते. जावई मिराम तिथे तेलाच्या विहिरींवर कामाला आहे. झायसानच्या तळ्याकाठचं हे गाव देशाच्या एका टोकाला, तर ते दुसऱ्या. ऐनाश दिवस भरायच्या आतच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता आणि तो जिवंत होता. पावाच्या लादीएवढं ते पोर इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नाकात नळी घालून.

ऐनाशचं हे तिसरं. पहिलं जन्मलं ते रडलंच नाही. दुसरं रडलं, आजीने नेलेल्या पाळण्यात निजलं, आणि चाळिसावा दिवस उजाडायच्या आत गेलं. तेव्हा ऐनाश म्हणाली होती, हा पाळणा माझ्या नजरेसमोर नको. मग राबिगा लेकीजवळ राहिली आणि तोलेगेन एकटाच ट्रेलरवर पाळणा बांधून एवढी वाट परत आला. आल्यावर त्याने पाळणा कोठीत ठेवला, वर जाड रजई टाकली, आणि त्यानंतर त्या वाटेबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

पाळणा राबिगाच्या आईचा, जमिनीवर वाकड्या पायांवर डुलणारा. राबिगा आणि तिची सगळी भावंडं त्यात वाढली, मग तिची स्वतःची मुलं वाढली. वरच्या दांड्याचं लाकूड आयांचे हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं. मुलीच्या पहिल्या बाळाचा पाळणा आजोळाने न्यायचा, ही पिढ्यांची रीत. राबिगाची जाऊ कालच म्हणाली होती, "आगगाडीने जा ना बाई, पाळणा मागाहून येईल." राबिगा म्हणाली, "पाळण्यावाचून गेलेली आजी म्हणजे पाहुणी. मी पाहुणी म्हणून जाऊ?" तेवढ्यावर तो विषय संपला. पण खरं कारण दुसरंच होतं, आणि ते राबिगाने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळणा मागे ठेवून जाणं म्हणजे ते पोर जगणार नाही असं आपणच ठरवून टाकण्यासारखं आहे, असं तिला वाटत होतं.

तिने फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला.

"कसं आहे गं?"

"आहे," ऐनाश म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता. "सकाळी नळीतून थोडं दूध दिलं. ठेवलं पोटात."

"मग चांगलंच की."

"डॉक्टर काहीच बोलत नाहीत आई. मी विचारते, तर म्हणतात, बघू. तुम्ही निघालात?"

"निघतोच आहोत. तुझे वडील गाडी सजवतायत. लग्नाची वरात असल्यासारखी."

ऐनाश हसली नाही. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं, हे राबिगाला कळलं. ते काय, हेही कळलं. पण ना लेकीने विचारलं, ना आईने सांगितलं, आणि फोन बंद झाला.

ती बाहेर आली तेव्हा चाक जागेवर बसलं होतं, ट्रेलर जॅकवरून उतरला होता, आणि तोलेगेन मागचे दिवे लावून बघत होता. राबिगाला हायसं वाटलं. आता ताडपत्री, दोर, आणि चला. पण तेवढ्यात फाटकातून शेजारचा साबिर आत आला, हातगाडी ढकलत. हातगाडीवर कसलंसं अवजड लोखंड होतं. तोलेगेनला तो मानाने तोके म्हणायचा.

"तोके, अक्तोबेवरूनच जाणार ना तुम्ही? माझा मेहुणा तिथे असतो. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स आहे. गेल्या वर्षीपासून माझ्या गोठ्यात पडलाय."

आता प्रवासाला निघालेल्याकडे गावाने आपल्या माणसासाठी पुडकं द्यायचं, आणि त्याने ते नाकारायचं नाही, हा इथला जुना शिरस्ता. पण पुडकं म्हणजे वाळलेल्या दह्याच्या गोळ्या, फार तर मधाची बरणी. गिअरबॉक्सला पुडकं म्हणायला साबिरच हवा. राबिगा मनात म्हणाली, आता बघ कसा फटकारतो. कारण तिचा नवरा वजनाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही ओळख देत नसे. एकदा भावाने कोळशाचं जादा पोतं टाकलं, तर त्याने ते भर रस्त्यात उतरवून ठेवलं होतं. ट्रेलरचा एक्सल किती सोसतो, हुकावर किती भार हवा, जड माल नेमका कुठे ठेवायचा, हे त्याच्यापाशी धर्मासारखं होतं. माल मागे गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा शेपटी हलली की ती पुढच्या गाडीलाही नाचवते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत असे.

"ठेव की," तोलेगेन म्हणाला. "एक्सलच्या वरच ठेवू. थांब, मी धरतो."

राबिगाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

साबिरच्या पाठोपाठ त्याची बायको आली, मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरलेलं लोणी घेऊन, अस्तानातल्या मुलीसाठी. मग शाळेजवळचा मधवाला आला. मग कुणाचं बटाट्याचं पोतं आलं, कुणाची सुकवलेल्या मासळीची माळ, कुणाचं शिवणयंत्र. दर वेळी तोलेगेन आधी चढवलेलं सगळं उतरवायचा, नवं वजन मध्ये घ्यायचा, हलकं कडेला लावायचा आणि दोर नव्याने आवळायचा. ऊन डोक्यावर आलं. राबिगाच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. तिकडे पोर एकेका श्वासासाठी झगडतंय, आणि इथे घोडं पेंड खातंय ते कुणाच्या तरी मेहुण्याच्या गिअरबॉक्सपाशी.

"आता पुरे झालं," ती एकदा म्हणाली.

"नाही कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील याची काळजी तुम्हाला कधीपासून?"

त्याने दोराला गाठ मारली.

नुसतं बघत बसणं तिला सोसेना. ती कोठीत गेली, रजई काढली, आणि पाळणा अंगणात घेऊन आली. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून दोन्ही हातांनी अंगाशी घट्ट धरून, जपून. भिंतीच्या आडोशाला ठेवून तिने त्याच्या वाकड्या पायांखाली विटा लावल्या, म्हणजे वाऱ्यानेही तो डुलणार नाही. मग ओल्या फडक्याने एकेक दांडा पुसला. गावातली एक शेळी येऊन पाळण्याचा वास घ्यायला लागली, तिला तिने इतक्या जोरात हाकललं की शेळी बिचारी पार रस्त्यापर्यंत पळाली.

"हा कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

तोलेगेन ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूला होता. "बघू," तो म्हणाला.

"बघू काय? जागा कुठंय?"

"वर बांधता येईल. नाहीतर… बघू."

बघू. इस्पितळातले डॉक्टर बघू म्हणत होते, हाही बघू म्हणत होता. राबिगाला वाटलं, जगातले सगळे पुरुष एका जागी बसून बघत राहिले तरी काही होणार नाही.

ती पाणी आणायला रस्त्यापलीकडच्या नळावर गेली. बादली भरत होती तेव्हा फाटकाशी तोलेगेनचा आवाज ऐकू आला. मेंढपाळ ओंगार घोड्यावरून चालला होता आणि तोलेगेनने त्याला थांबवलं होतं.

"ओंगार, तुझा भाऊ सेमेईला असतो ना?"

"असतो की."

"त्याला काही द्यायचं नाही?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीस म्हणूनच विचारतोय. लोकर दे. दोन पोती दे. लोकर हलकी असते, पण जागा चांगली व्यापते."

बादली भरून वाहायला लागली तरी राबिगा उभीच होती. जागा चांगली व्यापते. हे ऐकलं आणि सकाळपासून जे कोडं सुटत नव्हतं ते सुटलं. लोक आपणहून पुडकी घेऊन येत नव्हते. हा घरोघर निरोप धाडून मागवत होता. ट्रेलर आपोआप भरत नव्हता, हा तो मुद्दाम भरत होता, पाळण्याला जागा उरू नये म्हणून. आणि ती वेडी, भिंतीपाशी बसून दांडे पुसत होती.

बादली तिथेच टाकून ती अंगणात आली. ओंगार शहाणा माणूस, तिचा चेहरा पाहून त्याने घोड्याला टाच मारली.

"पाळणा न्यायचा नाही, असं तोंडाने सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

तोलेगेनने हातातला दोर खाली ठेवला. आधी त्याने ट्रेलरच्या पाट्यांकडे पाहिलं, मग चाकाकडे, जणू तिथे काही तपासायचं राहिलं होतं.

"न्यायचा नाही असं नाही. आत्ता नको, एवढंच. पोर घरी आलं की मी येईन, पाळणा घेऊन परत जाईन. एकटा जाईन. लागलं तर चालत जाईन."

"आणि ऐनाशला काय सांगू? तुझ्या पोरासाठी गिअरबॉक्स आणलाय?"

"राबिगा, ऐक."

तो तिला नावाने क्वचितच हाक मारायचा.

"मागच्या वेळी तू तिकडे राहिलीस," तो म्हणाला. "तिच्याजवळ राहायला हवंच होतं. मी एकटा निघालो. पाळणा मागे बांधला होता, चांगला बांधला होता. पण त्या रस्त्याचे खड्डे तुला ठाऊक आहेत. पहिल्या खड्ड्यापासून ठक. मग परत ठक. उतरून दोर आवळला, तरी ठक. कोट काढून पायांखाली घातला, तरी ठक. काचा बंद केल्या, रेडिओ लावला. कशाने थांबेना. रिकामा पाळणा माझ्यामागे हलतोय आणि मी त्याला घरी घेऊन चाललोय." त्याने हात पँटला पुसले. ते पुसून काही होत नव्हतं, ग्रीस पार कोपरापर्यंत होतं. "बेइनेऊ गावाच्या पुढे, जिथे वस्ती नाही तिथे, मी गाडी थांबवली. पाळणा उतरवला, रस्त्याच्या कडेला ठेवला आणि निघून गेलो."

"सोडून गेलात?"

"गेलो. बराच लांब गेलो. मग गाडी वळवली. येऊन बघतो तर एक उंट उभा होता, पाळण्यात तोंड घालून. मी त्याला हाकललं. आणि मग तिथेच बसलो, पाळण्याला धरून. किती वेळ ते ठाऊक नाही. राबिगा, ती वाट मी दुसऱ्यांदा नाही चालू शकत. बाकी काहीही सांग. ते एक सांगू नकोस."

राबिगाला राग यायला हवा होता. आईचा पाळणा माळावर टाकून दिला, उंटाने हुंगला, आणि हा माणूस इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसला. पण राग आला नाही. तिला त्याची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची भीती वाटली, कारण परवापासून तिच्याही पोटात हेच होतं. फक्त ती त्यावरून धावत होती आणि तो त्याच्यापुढे पोती रचत होता.

ती पाळण्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "परत आणायचा नाही."

"म्हणजे?"

"पाळणा न्यायचा. पोर जगलं तर तो तिथेच राहील, पुढच्याला लागेल. आणि नाही जगलं तर मी तिथेच, माझ्या हाताने जाळीन. पण परत आणायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही, कुणीच नाही."

तोलेगेन तिच्याकडे बघत राहिला. पाळणा कुणी जाळत नाही. मोडला तरी जाळत नाहीत, कोठीत ठेवतात, नातवंडांना दाखवतात. असं बोलणंसुद्धा पाप समजतात.

"तुझ्या आईचा आहे," तो म्हणाला.

"आईचा आहे म्हणून मला बोलता येतं. तुमच्या आईचा असता तर तुम्हाला विचारावं लागलं असतं."

तोलेगेन जाऊन गाडीत बसला, गाडी मागे घेतली आणि ट्रेलर हुकाला जोडला. साखळी लावली, दिव्यांची तार जोडली.

"कुठे?" राबिगाने विचारलं.

"सामान परत द्यायला. मी मागितलंय, मीच देतो. तू घरात थांब."

"मी का थांबू? नवऱ्याची फजिती बघायची संधी रोज मिळते का?" असं म्हणून ती शेजारी बसली.

तो ट्रेलर लांबच्या प्रवासाला निघाला खरा, पण पहिला प्रवास गावातल्या गावातच झाला, आणि तोही उलटा. साबिरच्या दारात गिअरबॉक्स उतरला. साबिर आ वासून बघत राहिला.

"तोके, तुम्हीच तर निरोप धाडून म्हणालात, दे म्हणून."

"म्हणालो. चुकलो. पाळणा न्यायचाय, आणि दोन्ही मावत नाहीत."

"अहो, मग आधी सांगायचं ना. मी काय पाळण्याच्या जागी गिअरबॉक्स बसवला असता का? माझी बायको मलाच गोठ्यात बांधून ठेवील हे कळलं तर."

पण सगळेच साबिर नसतात. मधवाल्याने बरणी जरा जास्तच जोरात ठेवली. बटाटेवाली म्हणाली की तिच्या सासऱ्याच्या काळात पुडकं परत करणाऱ्याच्या घरी कुणी चहा पीत नसे. तोलेगेन मान खाली घालून ऐकून घेत होता. राबिगाला वाटलं होतं, मजा येईल. आली नाही.

शेवटचं घर बाल्झान आपाचं. गावातली सर्वांत म्हातारी बाई, सात मुलांची आई, आणि जिभेला हाड नाही. तिने सेमेईतल्या नातवासाठी लोकरीची भली मोठी नमदा दिली होती, जमिनीवर अंथरायची, स्वतःच्या हातची. ती गुंडाळी खांद्यावर घेऊन तोलेगेन दारात उभा राहिला.

"एवढ्या आयुष्यात," बाल्झान आपा म्हणाली, "माझं स्थळ कुणी परत पाठवलं, माझा घोडा कुणी परत पाठवला, पण माझं पुडकं परत आणणारा तू पहिला. काय रे, नमदेत ढेकूण होते का?"

"नाही आपा."

"मग? गाडी नवी घेतलीस? तिला आमचं सामान चालत नाही?"

"आपा, मला पाळणा न्यायचा नव्हता," तोलेगेन म्हणाला. "भीती वाटत होती. म्हणून तुमची नमदा घेतली, ट्रेलर भरला म्हणून सांगता येईल असं वाटलं. आता पाळणा न्यायचं ठरलंय."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या राबिगाकडे. कसं आहे, किती दिवसांचं, काही विचारलं नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, फक्त या दोघांसमोर कुणी काढत नव्हतं.

"कात्री आण गं," ती आत बघून सुनेला म्हणाली. कात्री आली, तशी तिने आपल्या अंगातल्या मखमली बंडीची खालची कड पकडली आणि बोटभर रुंद पट्टी सरळ कापून काढली. सून "अहो आई, नवी बंडी" म्हणाली, पण तोवर पट्टी राबिगाच्या हातात होती.

"माझी सातही जिवंत आहेत," बाल्झान आपा म्हणाली. "सातांनी मला छळून छळून म्हातारी केली. तुझ्या नातवालाही तेवढाच त्रास देता येऊ दे. झबल्यात जोड हे. आणि काय गं, हे मागायला तुझी जीभ झिजत होती? आधीच दारोदार फिरायला हवं होतंस."

ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथल्या नव्या बाळाला चाळीस घरच्या चिंध्यांचं झबलं शिवायचं, ही रीत राबिगाला ठाऊक नव्हती असं नाही. पण मागायला जायचं म्हणजे प्रत्येक दारात आपली भीती उघडी करायची, आणि दोन दिवस ती तेवढंच टाळत होती. ट्रेलर भरून नवऱ्याने जे केलं, तेच तिने तोंड मिटून केलं होतं. मखमलीची पट्टी मुठीत धरून ती रडली. परवापासून पहिल्यांदाच रडली, आणि बाल्झान आपाने तिला रडू दिलं.

परतताना गाडी एका दमात घरी पोचली नाही. बाल्झान आपाची सून कुंपणावरून पुढच्या घरी ओरडली होती, आणि बातमी त्यांच्या आधी गल्लीच्या टोकाला गेली होती. दर फाटकाशी कुणीतरी उभं होतं. साबिरने वडिलांच्या जुन्या सदऱ्याची अख्खी बाही आणली होती. "म्हातारा शंभरीला टेकलाय आणि अजून माझ्याशी भांडतो. चांगलं कापड आहे," तो म्हणाला. मधवाल्याने टॉवेलाचा तुकडा दिला, आणि बरणीही राबिगाच्या मांडीवर ठेवली. बटाटेवालीने फुलाफुलांच्या उशीचा अभ्रा फाडून आणला होता. तोलेगेन प्रत्येक दाराशी गाडी थांबवायचा, काच खाली करायचा, आणि नुसती मान हलवायचा.

घरी आल्यावर त्याने वेळ लावला नाही. सकाळचा तोच माणूस, पण आता हात झरझर चालत होते. राबिगाचं थंडीचं सामान आणि वाटेतलं खाणंपिणं बाजूंना लावलं. मधली जागा, एक्सलच्या बरोबर वर, रिकामी ठेवली. तिथे रजई अंथरली, आणि मग पाळणा राबिगाने स्वतः उचलून दिला. त्याने त्याच्या वाकड्या पायांच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, चारी कोपऱ्यांतून दोर नेले, आणि गाठी मारल्यावर ट्रेलरचा कठडा दोन्ही हातांनी धरून सगळ्या अंगाने हलवला. ट्रेलर हलला, पाळणा हलला नाही. त्याने पुन्हा हलवून पाहिलं.

बाल्झान आपा काठी टेकत आशीर्वाद द्यायला आलीच. तिच्या आशीर्वादाशिवाय गावातून कुणी लांबच्या वाटेला लागत नसे. तिने ओंजळ उघडली, सगळ्यांनी उघडली. वाट मऊ होवो, पुढचं दार उघडं मिळो, असं काय काय ती पुटपुटली आणि शेवटी सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "आता निघा," ती म्हणाली. "इथे बसून त्याचं पोट भरणार नाही."

ऊन कलायला लागलं होतं. गाव मागे पडलं, तळ्याचं पाणी डाव्या हाताला काही वेळ दिसत राहिलं आणि मग तेही गेलं. मग खराब रस्ता सुरू झाला. तोलेगेनने काच खाली केली आणि गाडीचा वेग कमी केला. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. राबिगाचा सगळा जीव मागच्या बाजूला होता. दोर करकरले, ताडपत्री फडफडली, पाट्यांचा आवाज आला. दुसरं काही नाही.

तोलेगेनने काच वर केली नाही. ऐकतच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. ऐनाश होती. राबिगाने फोन मोठ्या आवाजात लावून मध्ये धरला.

"निघालात?"

"निघालो गं. केव्हाच."

"आई…" ऐनाश थांबली. आधीच्या फोनवर जे विचारायचं राहिलं होतं ते आता तिच्या ओठांवर आलं होतं. "पाळणा घेतलाय का?"

राबिगा बोलणार, तेवढ्यात तोलेगेनच बोलला. नजर रस्त्यावरच होती.

"घेतलाय. मधोमध बांधलाय. आणि ऐनाश, एक ऐकून ठेव. या खेपेला मी तो परत आणणार नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं, बाबा," ऐनाश म्हणाली. "मग मी मिरामला सांगते, पलंगाजवळचं कपाट हलव म्हणून. तिथे जागा होईल."

फोन ठेवल्यावर तोलेगेनने राबिगाकडे एकदा पाहिलं, आणि तिने मान हलवली. दोघांत जे ठरलं होतं त्यातलं अर्धंच त्याने लेकीला सांगितलं होतं. उरलेलं अर्धं दोघांनी आपल्यापाशी ठेवलं. मग राबिगाने मांडीवरच्या चिंध्यांमधून मखमलीची पट्टी काढली, आणि गाडीच्या हादऱ्यांत, दोनदा चुकून, सुईत दोरा ओवला.